दंगलीआधीची बैठक

पोलीस आणि सामान्य माणूस यांची गाठ बहुधा काहीतरी बिघडल्यावरच पडते. दंड भरताना, तक्रार लिहिताना, नाहीतर संचारबंदीत. अशाने विश्वास कसा बसणार?

भिवंडीचे उदाहरण घ्या. यंत्रमागांच्या या शहरात 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा त्याच गल्लीतले साधे हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस एकत्र बसत. किरकोळ भांडणे तेथेच मिटत. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

मला यातली वेळ महत्त्वाची वाटते. काहीही घडलेले नसताना या बैठका होत. कवायतीत हुकूम दिला की पाय उचलतो. नागरिकांचा विश्वास असा हुकमावर येत नाही.

आमच्या हथखोजच्या औद्योगिक भागातही गावोगावचे कामगार येतात. शेजाऱ्याला शेजारी अनोळखी. बीटचा शिपाई महिन्यातून एकदा, पाळी सुटताना, कारखान्याच्या फाटकाशी तासभर बसला तर? मनुष्यबळ कमी आहे हे खरे, पण बंदोबस्ताला याहून कितीतरी जास्त माणसे लागतात.

अडचण बदल्यांची आहे. म्हणून ही बैठक एखाद्या साहेबांच्या नव्हे, ठाण्याच्या नावावर हवी आणि तिची वही नव्या साहेबांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी पोहोचायला हवी.