अँटिव्हायरस घ्यायचा, पण कोणता?

मैत्रिणींनो, पैठण रस्त्यावरच्या चितेगावहून एका भगिनीचं पत्र आलंय. व्हिडिओकॉनच्या टीव्ही कारखान्यामुळे एके काळी नाव झालेलं हेच ते गाव. या बाईंच्या घरच्या संगणकावर लेकीचे बारशापासूनचे फोटो आहेत. बचत गटाचा यंदाचा हिशेब मात्र फक्त पेनड्राइव्हवर आहे. कागद छापायला तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला, घरी आणून लावला, तर प्रत्येक फोल्डरवर एक छोटा बाण! काही उघडेना. दुकानदार म्हणतो, "सगळं फॉरमॅट करा अन् महागातला अँटिव्हायरस टाका." यजमान म्हणतात, "पैसे कशाला घालवायचे?" बाई विचारतात, "ताई, कुणाचं ऐकू?"

बाई, पहिली गोष्ट, फॉरमॅटला हो म्हणू नका! फॉरमॅट म्हणजे उंदीर झाला म्हणून धान्यासकट कणगी जाळणं. या जातीचा व्हायरस बहुधा आपले फोल्डर पुसत नाही, लपवून ठेवतो आणि त्यांच्या नावाचे खोटे दरवाजे उभे करतो. बाणावर दोनदा टिचकी मारली की व्हायरसच चालू होतो. म्हणून त्या बाणांना हात लावायचा नाही.

आता घरात काय आहे ते पाहा. विंडोज १० किंवा ११ असेल, तर त्यात मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, इंटरनेट जोडून तो अद्ययावत करा आणि पेनड्राइव्ह लावून दोन्हींची पूर्ण तपासणी करू द्या. वेळ लागतो, तेवढ्यात स्वयंपाक उरकून घ्यावा. साफसफाई झाली की फोल्डरच्या खिडकीत 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवण्याची खूण करा. तरीही दिसल्या नाहीत तर जाणत्या माणसाला बोलवा, पण "आधी माझा हिशेब बाहेर काढा, मग बाकीचं" हे त्याला बजावून सांगा.

मग विकतचा घ्यायचाच नाही का? तसंही नाही. आपल्याकडचा एक अँटिव्हायरस तर मुळात दुरुस्तीच्या दुकानातलाच जिन्नस. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅलक्युलेटर दुरुस्त करायला लागले. पुढे पुण्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने भरलेले असत. संगणकाचं शिक्षण घेणारे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९५च्या सुमारास 'क्विक हील' आला. माहीत असलेल्या चोरांची यादी दाराशी ठेवायची आणि आत येणाऱ्याला तीवर ताडून पाहायचं, हे त्याचं मूळ काम. आताचे अँटिव्हायरस संशयास्पद वागणूकही हेरतात. पण यादी रोज नवी हवी. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे झोपलेला राखणदार!

घरात एकच संगणक, जपून वापर, अशी स्थिती असेल तर डिफेंडर पुरतो. मुलं खेळ उतरवून घेतात, बाहेरचे पेनड्राइव्ह येतात, दोन-तीन संगणक आहेत आणि अडचणीत मराठी-हिंदीत फोनवर बोलणारं कुणी हवं आहे, तर विकतचा घ्यायला हरकत नाही. घेताना एवढं पाहा :

१. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था चाचण्यांचे निकाल फुकट जाहीर करतात. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते पाहावेत.

२. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षी किती पडतील आणि किती संगणकांना चालेल, ते विचारा.

३. पावती आणि किल्लीचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. 'क्रॅक' केलेली फुकट प्रत घेऊ नका. तिच्यातच व्हायरस दडलेला असू शकतो.

४. एका म्यानात दोन तलवारी नकोत. दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक मंदावतो. नव्या संगणकाबरोबर आलेला महिनाभराचा नमुना ठेवायचा नसेल तर काढून टाका. डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७पासून सफाईची साधनं विनामूल्य दिली आहेत, तीही लक्षात असू द्या.

आता खरी गोम. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवली, त्यांची ती फट बंद झालेली होती. तेव्हा 'अपडेट' आलं की "उद्या बघू" म्हणू नका. विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. संगणकाला चालत असेल तर ११वर जाणंच बरं.

आणि पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर मुळीच फोन करू नका. तो लबाडीचा धंदा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० क्रमांकावर कळवा.

तेव्हा बाई, दुकानदाराचं निम्मं खरं, राखण हवीच. यजमानांचंही निम्मं खरं, दरवेळी पैसे मोजावेच लागतात असं नाही. पण दोघांनाही न सुचलेली गोष्ट मी सांगते. हिशेबाची आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क काम झालं की संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. दर महिन्याला गटाची बैठक झाली की त्याच संध्याकाळी नवी प्रत काढायची. लोणच्याची एक बरणी आपण फडताळात वेगळी ठेवतोच ना? तसंच हे. मग कितीही व्हायरस येवोत, लेकीचं बारसं काही हरवत नाही.