गळती

शिक्षण खात्यात ‘गळती’ हा शब्द आम्हा शिक्षकांच्या रोजच्या तोंडातला. पटावर नाव असलेले मूल शाळेत यायचे बंद झाले की त्याचे कारण लिहून पाठवावे लागते. कुटुंबाचे स्थलांतर, घरकाम, धाकटी भावंडे सांभाळणे, अभ्यासात रस नाही, असे काहीतरी आम्ही लिहितो. ‘त्याचा जोडीदार यायचा बंद झाला म्हणून’ हे कारण मी आजवर कुठल्याही कागदावर पाहिलेले नाही. वर्गात मात्र ते नेहमी दिसते. दोघे बरोबर यायचे, एका बाकावर बसायचे. एक गेला की महिनाभरात दुसऱ्याची हजेरी तुटक होऊ लागते.

हाच शब्द आज मला ऑनलाइन गेमसाठी वापरायचा आहे. गेम म्हटले की आपल्याकडे मशिदीबाहेरच्या गप्पांपासून पालकसभेपर्यंत एकच विषय निघतो: व्यसन. मुलांना गेम सुटत नाही, ही तक्रार मीही रोज ऐकतो, आणि ती खोटी नाही. पण याच्या उलट प्रश्न कुणी विचारत नाही. जी माणसे वर्षानुवर्षे एखाद्या खेळात राहिली, ती एके दिवशी उठून का जातात?

मी बीजीएमआय किंवा फ्री फायरबद्दल बोलत नाही. तिथला सामना अर्ध्या तासात संपतो आणि पुढचा पहिल्यापासून सुरू होतो. मी बोलतो आहे त्या खेळांबद्दल, ज्यात हजारो लोकांचे एक सामायिक जग असते. तुम्ही झोपलात तरी ते चालू राहते, तुमचे पात्र त्यात वर्षानुवर्षे वाढते, कमावते, ओळखी करते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा त्यातला सर्वांत गाजलेला खेळ २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचल्याचे कंपनीने जाहीर केले. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, तो आकडा ५५ लाखांपर्यंत उतरला आणि कंपनीने आकडे देणेच बंद केले. म्हणजे ज्याला आपण न सुटणारे व्यसन म्हणतो, त्यातून अर्ध्याहून अधिक गर्दी पाच वर्षांत ओसरली.

कारणे सांगणारे पुष्कळ आहेत. चित्रे जुनी झाली, करण्यासारखे नवे उरले नाही, मोबाइल आला, खेळणाऱ्यांची लग्ने झाली. प्रत्येकात थोडे तथ्य आहे. शेवटचे तर मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. पण माणसे मोठी होऊन निघून जातात, ते प्रत्येक मोहल्ल्यात होतच असते. मोहल्ला ओस पडतो तो त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला कुणी हाक मारत नाही तेव्हा. चित्रांचे म्हणाल, तर या प्रकारातला आज भरलेला एक खेळ दिसायला अगदी ओबडधोबड आहे. त्याच्याकडेच आता वळतो, कारण तो मी खेळलेलो आहे.

‘रुनस्केप’ केंब्रिजच्या अँड्रू गॉवर या तरुणाने २००१ मध्ये सुरू केला. तो ब्राउझरमध्येच चालायचा, वेगळे काही बसवावे लागत नसे, म्हणून आमच्या बी.एड.च्या दिवसांतल्या सायबर कॅफेतल्या कण्हणाऱ्या संगणकावरही तो चाले. त्यातली लढाई मला कधीच फारशी जमली नाही. मी रमलो तो बाजारात. ३० नाणी बोटीचे भाडे देऊन कारामजा बेटावर जायचे, लॉबस्टर पकडायचे, भाजायचे, आणि व्हॅरॉक किंवा फालाडॉर शहरात येऊन विकायचे. विकायचे म्हणजे अक्षरशः ओरडायचे. प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत त्याची आरोळी उमटे. काही हौशी लोक रंग बदलणारी, लाटेसारखी हलणारी अक्षरे वापरत. आठवडी बाजारात कोपऱ्यावरचा भाजीवाला सूर लावून गिऱ्हाईक खेचतो, तसेच. भाव ठरलेला नसे. घासाघीस होई, फसवणूकही होई. कुणाचा माल चांगला, कोण लुबाडतो, हे चार दिवसांत कळे.

नवख्यांना तिथे आपसूक काम मिळे. जादूचे दगड बनवणारे जाणते खेळाडू वेदीपाशी बसून राहत आणि नवशिके त्यांना कच्चा दगड वाहून आणत, बदल्यात तयार माल किंवा नाणी घेत. कुठलाही नियम न करता उस्ताद आणि शागिर्द तयार झाले होते. जाणत्याला वाहणारे हात हवे होते आणि नवख्याला कमाई. या देवाणघेवाणीत ओळख होई, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा तिथे दिसला की सलाम-दुआ होई. माझी तिथली बहुतेक नावे अशीच जमलेली. खरी माणसे कोण, कुठली, हे मला कधीच कळले नाही.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने या बाजारावर ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची सोय आणली. खिडकी उघडा, वस्तू आणि भाव भरा, विकली की पैसे जमा. ओरडणे नको, घासाघीस नको, समोर माणूसच नको. पुढच्या काही आठवड्यांत त्याहून मोठा घाव पडला: खेळाडूंनी एकमेकांशी करायच्या थेट व्यवहारांवर कडक मर्यादा आली. जुन्या माणसाने नवख्याला चिलखत भेट द्यायचे म्हटले तरी ती मर्यादा आडवी येई. कंपनीचे कारण खरे होते. खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकणारे दलाल बोकाळले होते आणि त्यात चोरीची क्रेडिट कार्डे वापरली जात होती. पण इलाज असा केला की चोराबरोबर शेजारधर्मही गेला. लोक खेळातल्या चौकांत जमून घोषणा देत राहिले. हजारो सोडून गेले.

तीन वर्षांनी, २०११ मध्ये, मतदान घेऊन मुक्त व्यापार परत आणला गेला. पण मग २०१२ मध्ये लढाईची सगळी पद्धतच बदलली आणि पुन्हा माणसे गेली. शेवटी २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने एक विलक्षण गोष्ट केली. ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत काढून तो जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा सुरू केला आणि त्यात काहीही नवे घालण्याआधी खेळाडूंची मते घेण्याचा शिरस्ता घातला. तीन चतुर्थांश लोक ‘हो’ म्हणतील तरच बदल, असे ठरले; पुढे ही अट थोडी सैल झाली. आज मूळ, सुधारलेल्या खेळापेक्षा या जुन्या ओबडधोबड खेळात जास्त माणसे आहेत.

‘वॉरक्राफ्ट’मध्ये वेगळ्या वाटेने हेच घडले असे मला वाटते. तो खेळ मी दुसऱ्यांच्या खांद्यावरून पाहिलेला आहे, पण त्याची रचना समजायला अवघड नाही. राक्षसांच्या गुहेत पाच जणांनी जायचे: एक वार झेलणारा, एक जखमा बऱ्या करणारा, तीन मारणारे. हे पाच जण जमवायला शहरात उभे राहून हाका माराव्या लागत, मग सगळ्यांनी गुहेपर्यंत प्रवास करावा लागे. यात तास-तास जाई. पण कुणी मध्येच पळाला, लूट ढापली, तर त्या सर्व्हरवर त्याचे नाव खराब होई आणि पुढच्या वेळी त्याला कुणी घेत नसे. डिसेंबर २००९ मध्ये एक बटण आले. दाबले की यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण जमवून थेट गुहेत नेऊन ठेवी. अर्ध्या तासात काम संपे, बरेचदा एक शब्दही न बोलता, आणि ते पाच जण आयुष्यात पुन्हा भेटत नसत.

यावर कुणी म्हणेल, सर्वाधिक वर्गणीदार तर त्यानंतर दहा महिन्यांनी नोंदले गेले. बरोबर आहे. एका बटणाने १ कोटी २० लाखांचा खेळ बुडाला असे मी म्हणत नाही. दर दोन-एक वर्षांनी येणाऱ्या विस्तारांनीही भर घातली. चाळीस जणांनी महिनोन्‌महिने झुंजून मिळवलेली तलवार नव्या विस्तारात पहिल्याच आठवड्यात भंगारात जाई, आणि ती मिळवताना जमलेले चाळीस जणही त्याबरोबर विखुरत. आणखी पुष्कळ कारणे असतील. पण मला एवढे दिसते की जाणाऱ्या माणसाला ‘अरे, उद्या तुझ्याशिवाय आमचे अडेल’ म्हणणारे कुणी उरले नाही. शिवाय पूर्वी एक गेला तर त्याची पोकळी चौघांना जाणवे. आता यंत्र दुसरा आणून ठेवते आणि गेलेला गेला हेही कळत नाही.

‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या खेळाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००३ मध्ये तो आला तेव्हा त्यात तिसाहून अधिक व्यवसाय होते. शिंपी, वैद्य, शस्त्रे बनवणारे, आणि चक्क नाचणारे व वाजवणारे. लढून थकलेल्या योद्ध्याचा शीण उतरवायला त्याला पेयगृहात जाऊन कुणा खेळाडूचे गाणे ऐकत बसावे लागे. तलवार हातात न घेता त्या जगात मानाने जगणारी माणसे होती. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने हे सगळे मोडून नऊ व्यवसाय ठेवले आणि खेळ वेगवान लढाईचा केला, कारण नवे गिऱ्हाईक त्यानेच येईल असा हिशेब होता. नवे तर फारसे आले नाहीत, जुने मात्र संतापून गेले. १५ डिसेंबर २०११ ला तो खेळ कायमचा बंद झाला.

एक गोष्ट माझ्या म्हणण्याला छेद देते, ती लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांनाच इतरांशी बोलायचे नसते. २००६ मध्ये निकोला दुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यात दिसले की बरेच लोक बराच वेळ एकटेच खेळतात. इतर माणसे त्यांना आजूबाजूला असायला हवी असतात, एवढेच. जुन्या रुनस्केपमध्ये तर कुणाशीही व्यापार करता येणार नाही अशी एक पद्धत लोक हौसेने निवडतात. आमच्या मोहल्ल्यात असरनंतर कट्ट्यावर येऊन बसणारे एक चाचा आहेत. ते कुणाशी बोलत नाहीत, कुणाच्या गप्पांत पडत नाहीत. पण कट्ट्यावर कुणी नसेल त्या दिवशी तेही लवकर उठून जातात. त्यांना रौनक लागते. आणि रौनक लागणाऱ्या माणसासाठी ती करणारी दुसरी दहा माणसे लागतात, ज्यांचे एकमेकांशी काहीतरी अडलेले असते.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. २०१३ मध्ये परत आलेल्या जुन्या रुनस्केपमध्ये ग्रँड एक्स्चेंज नव्हते. ओरडून विकण्याचा बाजार पुन्हा भरला होता. दोन वर्षांत खेळाडूंनीच मतदान करून ती खिडकी परत मागितली आणि २०१५ मध्ये ती आली. सोय हवी म्हणणारे बाहेरचे कुणी नव्हते, त्या बाजाराच्या ओढीने परत आलेलेच होते. मला त्याचे वाईट वाटले. तरीही विचारून आलेली खिडकी आणि लादलेली खिडकी यात फरक आहे, असे मी मानतो. ज्याने मत दिले तो स्वतःला तिथला रहिवासी समजतो, आणि रहिवासी माणूस गिऱ्हाइकापेक्षा उशिरा सोडून जातो.

‘वॉरक्राफ्ट’नेही २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपली जुनी आवृत्ती परत आणली. पहिल्या दिवसांत आत शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या. तिथे ते बटण नव्हते, हाका मारूनच पाच जण जमवावे लागत. फरक एवढाच होता की पंधरा वर्षांत प्रत्येक गुहेचा नकाशा, प्रत्येक राक्षसाची खोड लिहून झाली होती. पूर्वी ‘रस्ता कुठून आहे?’ असे अनोळखी माणसाला विचारावे लागे आणि त्यातून ओळख निघे. आता आलेला प्रत्येक जण सगळे वाचूनच आला होता. काही महिन्यांत अनेक जण निघूनही गेले. त्यानंतरच्या एका विस्ताराची जुनी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली तेव्हा कंपनीने गटच टिकावेत म्हणून बटण मुद्दाम वगळले. खेळाडूंनी मागणी लावून धरली, आणि २०२३ मध्ये ते तिथेही बसवले गेले.