बैठकीला बसताना अंगावर काय असावे?

कोजागरी उलटली की सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. दुपारचे ऊन अजून भाजत असते आणि रात्री नऊनंतर माळावरून असा गारवा सुटतो की कानाला काहीतरी गुंडाळावेसे वाटते. याच दिवसांत, आश्विन वद्य चतुर्थीच्या सुमारास, खटाव तालुक्यातल्या औंधला संगीत महोत्सव भरतो. पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तो सुरू केला. इकडे सांगली जिल्ह्यात मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांची स्मृतिसभा होते, तीही दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली. या दोन्हीकडे निघताना घराघरांत एकच बोलणे होते. थोरले म्हणतात, गाण्याला चाललायस, जरा नीट कपडे घाल. धाकटे म्हणतात, पाच-सहा तास मांडी घालून बसायचंय, मला सोसवेल ते घालू द्या. दोघांचेही म्हणणे नीट ऐकून घ्यावे असे आहे.

नीट कपड्यांचा आग्रह हा म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे याच मुलखाचा इतिहास उभा आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकले. त्या काळी गवई कितीही मोठा असला तरी समाजात त्याची पायरी आश्रिताची. पलुस्करांना ते सलत राहिले. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गवयाला प्रतिष्ठा मिळावी यासाठी आयुष्य वेचले. आज कलाकाराला मंचावर जो मान मिळतो, तो असा कष्टाने मिळवलेला आहे. धुतलेला, इस्त्रीचा झब्बा घालून समोर बसणारा श्रोता त्या मानात आपली भर घालत असतो. शिवाय नटण्याचा आनंदही आहेच. रंगभूमीवरच्या बालगंधर्वांच्या साड्या आणि शालू पाहून त्या काळच्या स्त्रिया तशी वस्त्रे नेसू लागल्या. गाणे आणि वस्त्र यांचे नाते महाराष्ट्राने इतक्या जवळून पाहिले आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या गाण्याच्या रात्रीला ठेवणीतली साडी बाहेर काढावी असे एखाद्या बाईला वाटले, तर त्यात दिखावा शोधणे अन्यायाचे होईल.

मात्र हाच निकष मिरजेच्या दर्ग्यात लावून पाहावा. तिथे उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गाणे ऐकायला सतारमेकर गल्लीतला कारागीर हातावरचा लाकडाचा भुसा झटकून येतो, दुकान बंद करून व्यापारी येतो, उरुसासाठी गावाकडून आलेले कुटुंब पोरे मांडीवर घेऊन तिथेच टेकते. दिवसभर अंगावर होते तेच कपडे, आणि कान मात्र तयार. अशा जागी पोशाखाची अपेक्षा, मग ती कितीही मायेने व्यक्त केलेली असो, काहींना आत आणि काहींना कडेला बसवते. एखाद्याकडे झब्बा नसेल, असलेला धुवायला वेळ नसेल. तरी त्याचा षड्ज ऐकण्याचा हक्क कमी होत नाही. उघड्यावरच्या सभेचे मोठेपण तिला दार नसण्यातच आहे.

मग सोयीचे कपडे म्हणजे जो तो घालील ते, असे म्हणून विषय मिटवावा का? इथे मला एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका बैठकीला मी ऑफिसातून थेट, जीन्स घालून गेलो. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला कमरेचा पट्टा पोटात रुतू लागला, गुडघ्यामागे कापडाची घडी टोचू लागली. तिसऱ्या तासाला डावा पाय बधिर झाला आणि विलंबित ख्याल भरात असताना मला उठावे लागले. मी बाहेर पडेपर्यंत आठ-दहा जणांनी पाय आखडले, एका आजींनी पाण्याची बाटली उचलून धरली, आणि आमच्या ओळीचा तेवढा आलाप गेला तो गेलाच. त्या रात्रीपासून मला वाटते की सोय आणि अदब ही दोन टोके आपण उगाच मानतो. ज्याला नीट बसता येत नाही त्याच्याकडून इच्छा असूनही अदब राखली जात नाही. घट्ट लेगिंग, कडक कॉलर, भरजरी काठाची नवी कोरी साडी, तंग सुरवार यांच्याबाबतही हेच घडते. पारंपरिक कपडा म्हणून त्याला सूट मिळत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर एकाची सोय शेजाऱ्याची गैरसोय होऊ शकते, आणि हे धाकट्यांनीही मान्य करायला हवे. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांपैकी कुणाला तंबोऱ्याची जवारी लावताना पाहावे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवला जातो. केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज उघडतो, तार गुंजू लागते. ज्या नादासाठी कुणी एवढ्या धाग्याशी झटतो, तो नाद खर्जात विरत असताना शेजारी विंडचीटरची चेन ओढली जाते, नायलॉनचे जाकीट सळसळते. पावसाळी हवेत ते जाकीट फार उपयोगी, अंगाला हलके, घडी करून खिशात मावणारे. पण गाण्यात त्याचा आवाज बोचतो. हातभर बांगड्यांचाही बोचतो, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. टोपीचा घेर मागच्याला मंच दिसू देत नाही, अत्तराचा घमघमाट एखाद्याला खोकल्याची उबळ आणतो.

कापडाचा विचार थोडा बारकाईने करावा लागतो. सुती कपडा ऑक्टोबरच्या दुपारी उत्तम: घाम टिपतो, हवा खेळू देतो, पन्नासदा धुतलेला असेल तर बसताना कुठेही अडत नाही. पण दुपारचा तो घाम सुतात मुरून राहतो आणि रात्री वारा सुटला की तीच ओल पाठीला गार लागते. खेळाडू वापरतात तो पॉलिएस्टरचा टी-शर्ट लवकर वाळतो, हा त्याचा खरा गुण आहे. मात्र दिवसभरात त्याला वास धरतो आणि दाटीवाटीत ते जाणवते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. म्हणून माणदेशातल्या माणसाने घोंगडीला कधी अंतर दिले नाही. ती टोचते, जड असते, एसटीत सांभाळणे त्रासाचे; पण खाली अंथरली तर फरशीची थंडी अडते आणि खांद्यावर घेतली तर पहाटही निघते. परतीच्या पावसाची सर आली तर जाड जीन्स रात्रभर वाळत नाही, पातळ लेंगा तासाभरात वाळतो. पूर्ण बाह्या आणि पायघोळ कपड्यांचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे डास. बर्म्युडा घालून झाडाखाली बसणाऱ्याला कुणी नावे ठेवली नाहीत तरी डास त्याला निवांत ऐकू देत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत हा वाद जास्त कठोर होतो. मुलग्याने ट्रॅकपँट घातली तर आळशी म्हणून सोडून देतात. मुलीने घातली तर संस्कार निघतात. हे बरोबर नाही, आणि ज्येष्ठांनी त्याचा विचार करावा. नऊवारीला कासोटा असल्याने तीत मांडी घालून निर्धास्त बसता येते, पाचवारीत तितके येत नाही, म्हणजे सोयीची जाण आपल्या जुन्या नेसण्यात होतीच. शेतात राबणाऱ्या बाईने ती नेसण राखली ती याच कारणाने. आजची विद्यार्थिनी त्याच विचाराने सैल पंजाबी ड्रेस निवडत असेल, तर ती परंपरा मोडत नाही. उलट, गुरूंच्या समोर साडीतच बसेन असे जिला मनापासून वाटते तिला मैत्रिणींनी जुनाट म्हणू नये.

जागेची रीत हा वेगळा मुद्दा आहे आणि तिथे सोयीचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. दर्ग्यात डोके झाकायचे, देवळात चपला बाहेर ठेवायच्या; आपण तिथे पाहुणे आहोत, खिशात रुमाल ठेवायला काही जड जात नाही. तथापि देवस्थानाची रीत मैदानावरच्या मांडवाला लावू नये. पुण्यात १९५३ पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत लोक कानटोप्या, मफलर, स्वेटर, शाली अशा कशातही येतात, आणि त्यामुळे तिथल्या गाण्याला उणेपण आलेले नाही. मिरजेत तर ठरीव पोशाख शक्यच नाही. उरूस हिजरी चांद्रवर्षाने येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे एकाच माणसाने आयुष्यात तो उन्हाळ्याच्या उकाड्यातही ऐकलेला असतो आणि कडाक्याच्या थंडीतही.

हे सगळे जोखून माझे माप सोयीच्या बाजूला झुकते, पण सोय मोजायची ती शेवटच्या तासाला, घराच्या आरशासमोर नव्हे. त्या मापाने सैल, जुना, स्वच्छ सुती कपडा आणि वर एक शाल यांना मी पहिली पसंती देईन. झब्बा-लेंगा असो की सैल पँट-शर्ट, मला फरक वाटत नाही. आयोजकांनी निमंत्रणावर पोशाखाची सूचना छापू नये. त्याऐवजी बैठक जमिनीवर आहे की खुर्च्या आहेत, वर छत आहे की नाही, मागच्या वर्षी रात्री किती गारठा होता, एवढे खरे सांगावे. दाराशी दहा-वीस जादा चादरी ठेवाव्यात, कामावरून तसाच आलेल्या माणसाला त्या उपयोगी पडतील. आणि जाकिटाची चेन गाणे सुरू होण्याआधी लावून घ्या, असे निवेदकाने मोबाइलच्या सूचनेबरोबर सांगायला हरकत नाही. नीटनेटकेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे थोडे ढिले वाटेल. त्यांची काळजी मला समजते. फक्त तिचे ओझे ज्याच्या घरी सर्वांत कमी कपडे आहेत त्या श्रोत्यावर पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

औंधला जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. शाल पिशवीच्या तळाशी ठेवू नका, डब्याच्या वर ठेवा. भैरवी झाल्यावर मांडवातली ऊब तिथेच राहते, आणि स्टँडवर साताऱ्याच्या पहिल्या गाडीची वाट पाहताना जो वारा लागतो तो गाण्यातल्या कुठल्याही प्रहरापेक्षा गार असतो.