बीपीच्या गोळीवरचा खोटा आळ

केदारखेड्यात किंवा भोकरदन तालुक्याच्या कोणत्याही गावात बीपीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘गोळी सुरू केली की किडनी जाते.’ या समजुतीमुळे अनेकजण महिनाभर गोळी घेतात, बरे वाटले की सोडतात आणि पुढे लकवा झाल्यावरच दवाखाना गाठतात. ही समजूत निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. तिच्यामागे डोळ्यांना दिसणारा एक क्रम आहे, म्हणून तो क्रमच तपासायला हवा. माणूस वर्षानुवर्षे बीपीची गोळी घेतो, मग एक दिवस किडनीच्या तपासणीत रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले निघते आणि डायलिसिसची वेळ येते. आधी गोळी, नंतर किडनी. म्हणजे दोष गोळीचा, असा हिशेब मांडला जातो. पण त्या गोळीच्याही आधी काय होते, हे कोणी विचारत नाही.

आधी होता तो वाढलेला रक्तदाब. एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. सततच्या दाबाने त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते रेनिन सोडते आणि दाब आणखी वाढतो. दाबाने किडनी बिघडते आणि बिघडलेली किडनी दाब चढवते. हे चक्र वर्षानुवर्षे न दुखता चालते. जगभर किडनी निकामी होण्याच्या कारणांत मधुमेहाच्या पाठोपाठ उच्च रक्तदाबच येतो, आणि दोन्ही एकाच माणसात असले तर धोका कितीतरी वाढतो. हाच दाब हृदयाचा स्नायू जाड करतो, डोळ्याच्या पडद्याला इजा करतो, मेंदूतली रक्तवाहिनी फोडतो किंवा बंद पाडतो. गरोदरपणात तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठतो. म्हणून ‘मला फक्त बीपी आहे’ असे म्हणणे चूक आहे.

‘हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, आम्ही तर कष्ट करतो’ हा दुसरा आक्षेप. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. एवढी माणसे केवळ शहरांतली असणे शक्य नाही. कष्टाने फायदा होतो हे खरेच. पण लोणचे, पापड आणि ठेच्यातले मीठ, तंबाखू आणि वाढते वय यांना कष्ट पुरे पडत नाहीत.

आता गोळीच्या बाजूने बोलताना तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे. बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या औषधाने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढू शकते, पोटॅशियमही चढू शकते, आणि गरोदर बाईला ते देतच नाहीत. म्हणून रक्त तपासत राहावे लागते. पण गोळी सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खरी भीती वेगळ्याच गोळीची वाटायला हवी. खुरपणी-वेचणीनंतर कंबर धरली की मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रोज घेतली, तर ती दाबही वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात. ज्या गोळीने किडनी खरोखर जाऊ शकते ती बिनधास्त घ्यायची आणि जी किडनी राखते तिला भ्यायचे, हा उलटा न्याय मला फार अस्वस्थ करतो.

‘खेड्यात रोज कोण तपासणार?’ असेही विचारतात. चीनमधल्या ३२६ खेड्यांच्या अभ्यासात निम्म्या खेड्यांत गावातल्याच डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने औषधे देऊन वरचा दाब १३० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उरलेल्या खेड्यांच्या तुलनेत तिथे हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि किडनीच्या तक्रारी वाढल्या नाहीत. आपल्याकडेही २०१७ पासूनच्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता : ठरलेली औषधे, महिनाभराचा मोफत साठा, गावाजवळ तपासणी. केदारखेड्यातल्या रुग्णाला हे सारे घराजवळच्या उपकेंद्रात मिळाले पाहिजे. साठा संपल्याने खंड पडता कामा नये, आणि बीपी मोजताना शुगर, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिनही ठराविक काळाने पाहिले गेले पाहिजे. हे आकडे वहीत नोंदलेले असले, की किडनी गोळीच्या आधीच खालावली होती की नंतर, हे त्या रुग्णाला स्वतःच्याच वहीत वाचता येईल.