रंग खरा, पण कोणत्या परिस्थितीत?

‘समुद्रातल्या जिवाणूपासून कर्करोगावर औषध’ अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि ओपीडीत एखादा नातेवाईक कात्रण पुढे करून विचारतो, ‘डॉक्टर, हे कुठं मिळेल?’ अशा बातम्यांत अनेकदा प्रोडिजिओसिन या लाल रंगद्रव्याचं नाव असतं. समुद्रातले काही जिवाणू ते बनवतात, तसंच माती-पाण्यात आढळणारा सेराशिया हा जिवाणूही.

मात्र हा रंग जिवाणूला कायमचा चिकटलेला नसतो. सेराशिया २८ अंश सेल्सिअसला वाढवला, तर त्याच्या वसाहती लालभडक दिसतात. तोच जिवाणू ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, पांढरट राहतो. तो जोमानं वाढतो, रंग तेवढा बनवत नाही. म्हणूनच रुग्णाच्या नमुन्यात लाल वसाहत दिसली नाही, तरी ‘सेराशिया नाही’ असं आम्ही म्हणत नाही. पुढच्या चाचण्या करतो.

खाद्याचंही तसंच. माध्यमात ग्लुकोज घातलं की रंग घटतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये सेराशिया शेंगदाण्याच्या कुटावर वाढवला, तेव्हा नेहमीच्या माध्यमापेक्षा कितीतरी पट जास्त रंग मिळाला. समुद्री जिवाणूंच्या बाबतीत मिठाचं प्रमाण, आम्लता आणि हवा यांनीही फरक पडतो. रंगद्रव्य ही जिवाणूची रोजची भाकरी नव्हे. परिस्थिती जुळली तरच तो ते बनवतो.

जे रंगाचं, तेच औषधाच्या दाव्याचं. प्रोडिजिओसिन काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारतं, हे खरं आहे. पण बशीत यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, रक्ताभिसरण नसतं. याच कुळातल्या ओबाटोक्लॅक्स या कृत्रिम रेणूच्या माणसांवर चाचण्या झाल्या. तरीही तो औषध म्हणून बाजारात आला नाही.

संशोधन थांबावं, असं माझं म्हणणं नाही. समुद्रानं आपल्याला औषधं दिली आहेत, पुढेही देईल. पण अशा बातमीत तीन गोष्टी असायलाच हव्यात, असं मला वाटतं: रंगद्रव्य कोणत्या परिस्थितीत मिळालं, किती मिळालं आणि ते कशावर तपासलं – पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? ही माहिती नसेल, तर बातमी कुतूहलानं जरूर वाचा. चालू असलेले उपचार मात्र तिच्या भरवशावर थांबवू नका.