कोंबडीच्या कुंपणाचा विषय सभेत घ्या



प्लॉटचे दावे, मोजणी, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, एवढ्या विषयांनाच सभेची रात्र पुरत नाही. त्यात कोणी कोंबडीचं काढलं की पुरुष मंडळी हसतात. "ते बायांचं काम," म्हणतात. बरोबर आहे, बायांचंच आहे. म्हणूनच ते सभेत आलं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. भाताचा पैसा सावकाराकडे जातो नाहीतर घरधन्याच्या खिशात. कोंबडीचा पैसा बाईच्या हातात येतो. पोराला ताप आला, पाहुणा दारात उभा राहिला, दाव्याच्या कागदासाठी तालुक्याला जायचं एसटीचं भाडं पाहिजे, तेव्हा कोंबडंच कामाला येतं. मोर्चाला आलेल्या किती बायांचं भाडं कोंबडीने दिलं, याचा हिशोब संघटनेने कधी मांडला नाही.

आता बघा. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं फुटतात. बारा फुटली तर मोठी किती होतात? आम्ही पाड्यांवर बायांना विचारलं. कोणी तीन म्हणाली, कोणी दोन. एक म्हणाली, "मोजायला काय उरलंच नाय." मानमोडीने मरतात ती वेगळी. तिला कुंपण चालत नाही, लस लागते, आणि लशीसाठी जनावरांच्या दवाखान्याच्या मागे लागावं लागतं. पण घार नेते, मुंगूस नेतो, रानमांजर नेतं, आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्याचं कुत्रं नेतं, ती पिल्लं वाचवता येतात. नशिबाला बोल लावून गप्प बसायचं काही कारण नाही.

चोर कोण ते आधी ओळखा, कारण एका उपायाने सगळे थांबत नाहीत. घार आणि शिक्रा दिवसा वरून येतात, मोकळ्या अंगणातलं लहान पिल्लू उचलतात. मुंगूसही दिवसाचाच, पण तो खालून येतो, फटीतून शिरतो नाहीतर माती उकरतो. रानमांजर आणि उदमांजर रात्रीचे, वर चढून कौलातून उतरतात. धामण येते ती मुळात उंदरांच्या वासाने. खुराड्याजवळ दाणे सांडून ठेवले की उंदीर, उंदरांमागे धामण, आणि तिला अंडी आयती मिळतात.

पिल्लांचे पहिले पाच-सहा आठवडे जपले तर अर्धं काम झालं. त्यासाठी नवीन काही शोधायला नको. आपल्या आज्या कोंबड्या डालत होत्याच की! तेच डालगं मोठं करायचं. बांबूच्या कामट्यांची चौकट, चार हात लांब, दोन हात रुंद, गुडघाभर उंच, खाली तळ नाही, वरून जुनं मासेमारीचं जाळं किंवा विणलेल्या कामट्या. एका टोकाला पेंढ्याची सावली, आत पाण्याचं खापर. दोन बायांना सहज उचलता येईल इतकं हलकं पाहिजे, नाहीतर ते एकाच जागी पडून राहतं आणि खाली घाण साचते. कोंबडी आणि पिल्लं आत ठेवायची आणि रोज सकाळी सरकवायचं. नवं गवत, नवे किडे मिळतात. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर फिरवलं तर तिथे विष्ठेचं खत पडतं. कापणीनंतर खाचरात न्यावं, सांडलेलं भात वाया जात नाही. पण हे दिवसाचं घर आहे. रात्री यात कोंबड्या ठेवल्या तर मुंगसाची नाही, पण रानमांजराची नाहीतर कोल्ह्याची मेजवानी होते.

मोठ्या कोंबड्यांना घराभोवतीचं कुंपण. कारवीचा कूड आपल्याला येतोच; फटीत दोन बोटं जाणार नाहीत इतका दाट विणा. खरी मेख तळाशी आहे. उकरणारं जनावर नेहमी कुडाच्या पायाशी उकरतं. म्हणून बाहेरच्या अंगाला हातभर रुंद दगड पसरून ठेवा, किंवा जाळीचा तुकडा आडवा अंथरून त्यावर दगड ठेवा. बाजारातली सहा कोनांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण उंदराला, सापाला अडवत नाही. पैसे असतील तर खालचा हातभर भाग बारीक जाळीचा घ्या. काही जण कोंबडीचा एक पंख कापायला सांगतात, म्हणजे ती कुंपणावरून उडत नाही. आम्हाला ते पटत नाही. झाडावर उडून जीव वाचवायची तिची तीच एक वाट आहे.

रात्रीचं खुराडं चार मेढींवर, जमिनीपासून कमरेइतकं उंच. मेढींना मध्यावर गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळा, उंदीर-साप चढत नाहीत. दिवेलागणीला मोजून दार लावायचं. दाराला नुसती दोरी नको, खुंटी पाहिजे. बिबट्या फिरणाऱ्या भागात खुराडं घराच्या भिंतीला लागून ठेवा, आणि कोंबड्या राखायला कोणी अंगणात झोपू नये. वाघबारसेला आपण वाघदेवाला कोंबडं देतो ते मान म्हणून. बाकीची त्याने घेऊन जावीत असा काही करार नाही.

आता सामानाचं. आमच्यातल्या एका पाड्यावर कारवीचा भारा घेऊन येणाऱ्या दोन बायांना गार्डने अडवलं. पंचनामा नाही, पावती नाही. शेवटी मागितलं काय? कोंबडी! जिच्या कुंपणासाठी कारवी आणली, तीच. असला दोन पायांचा कोल्हा कुडाने थांबत नाही. त्याला कलम दाखवावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणजे काय ते लिहिलेलं आहे: बांबू, झाडोरा, वेत, मध, मेण, लाख, टेंभुर्णीची पानं. परंपरेने गोळा करत आलेल्या या वस्तूंवर कलम ३(१)(ग) ने आपली मालकी मानली आहे. कारवी काही इमारती लाकूड नाही, ती झाडोराच. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात घेतलं. आपल्याकडे अजून एका भाऱ्यासाठी कोंबडी जाते.

मात्र सागाचं कोवळं झाड मेढीसाठी तोडू नका, त्याने केस होते आणि जंगलही जातं. कोंबडीचं निमित्त करून कुंपण घराच्या आवाराबाहेर जंगलात ढकलू नका. दाव्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे, आज घातलेल्या कुंपणाने ती मागे सरकत नाही, उलट समोरच्याला बोट दाखवायला जागा मिळते.

आणि विष, फासे, विजेची उघडी तार बिलकुल नको. तारेला रात्री लघवीला उठलेलं पोरही चिकटतं. मुंगूस, रानमांजर, घार या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि गुन्हा दाखल व्हायला आदिवासी सगळ्यात सोपा सापडतो. शिवाय वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव राखायचं काम ग्रामसभेवरच सोपवलं आहे. हक्क सांगायचा तर हेही आपलंच.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने दोन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात: घरटी किती बांबू आणि किती भारे कारवी, आणि ती जंगलाच्या कोणत्या बाजूने आणायची. ठरावाची एक प्रत कारवी आणायला जाणाऱ्या बायांच्या हातात असू द्या. विणकाम येणारे म्हातारे अजून आहेत, त्यांच्याकडून दोन-चार पोरांनी मोठं डालगं शिकून घ्यावं. शेराच्या आणि मोगली एरंडाच्या फांद्या पहिल्या पावसाच्या तोंडावर कुडालगत खोचा. बकरी त्यांना तोंड लावत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी कूड कुजेल तेव्हा जिवंत कुंपण उभं असेल.