आधी मोरी, मग वास्तुशांत

नवे घर बांधणाऱ्याला सल्ला द्यायला आपल्याकडे सारे गाव धावते. देवघर कोणत्या कोनात, दाराचे तोंड कोणीकडे, गृहप्रवेशाला मुहूर्त कोणता, यावर आठवडेच्या आठवडे खल चालतो. मोरीचे पाणी कुठे जाणार, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. काढलाच, तर "जाईल कुठे तरी!" हे उत्तर तयार असते. या 'कुठे तरी'शी माझे भांडण आहे.

मी पडलो शाळामास्तर, तेव्हा आधी हिशेब. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोजी १३५ लिटर पाणी द्यावे, असा सरकारी दंडक आहे. पाच माणसांच्या घराला झाले ६७५ लिटर. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंतेच धरून चालतात. म्हणजे घरामागे रोज ५४० लिटर. शंभर घरांच्या वसाहतीमागे ५४,०००. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा तर हिशेबच नको! एवढे पाणी ओढ्यात जाते, शेजाऱ्याच्या विहिरीत मुरते आणि पुष्कळदा आपल्याच नळाने परत घरी येते.

नळाने कसे, म्हणाल. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच सुटते. ते बंद झाले की नळ आतून रिकामा पडतो आणि सांध्याला बारीकशी चीर असली तरी भोवतालची घाण आत ओढली जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याचा नळ वर, मैल्याचा खाली आणि दोहोंत पुरेसे अंतर, हा नियम. कंत्राटदाराला एकच चर खणणे स्वस्त पडते, हा त्यावरचा पोटनियम.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे हातपाय लुळे करणाऱ्या जीबीएस विकाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत रोगी फार निघाले. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जंतू सापडला. ही गावे २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत घेतलेली. खडकवासल्याचे धरण उशाशी. इमारती उठल्या, माणसे राहायला आली, आणि शुद्ध पाणी व गटार मागून यायचे होते!

आमच्या लहान गावची तऱ्हा वेगळी नाही. नळजोडाच्या अर्जाला मंजूर नकाशाची प्रत मागितली. ज्या कचेरीने नकाशा मंजूर केला, तिनेच. दिली. घरपट्टीची पावती दिली, रस्ता खोदायचे पैसे भरले. मग मोरीच्या जोडाचा अर्ज पुढे केला, तेव्हा कारकून हसून म्हणाला, "मास्तर, तुमच्या रस्त्याला गटारच नाही. घ्या एक टाकी खणून." अहो, मग बांधकामाला परवानगी देताना माझ्याकडून विकासशुल्क घेतले, ते कोणाच्या विकासासाठी?

आणि टाकी भरली म्हणजे उपसायची कोणी? संरक्षणाच्या साधनांवाचून माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात माणूस मेला तर वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतातच आणि गुदमरून मरतात. आमच्या मोरीचे 'कुठे तरी' शेवटी त्यांच्या नाकातोंडात जाते.

पालिकेकडे पैसा नाही, हे रडगाणे मला पाठ आहे. नसेल, मग नव्या नकाशांवर शिक्के मारायला हात एवढा सैल का? जिथे गटार नाही तिथे आधी गटार टाका, नाही तर परवानगी थांबवा. बिल्डर ओरडतील, ओरडू द्या. पूर्णत्वाच्या दाखल्यावाचून फ्लॅटचा ताबा देऊ नये, आणि घेऊही नये, असे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यात लिहिलेले आहे. त्यातले 'घेऊही नये' आपण सोयीस्करपणे विसरतो. टँकरवर आंघोळी करू, पण मुहूर्त चुकवणार नाही!

वाचकहो, या पाडव्याला कोणी घराची अनामत भरणार असाल, तर बिल्डरला नमुन्याच्या फ्लॅटमधले झुंबर दाखवू देऊ नका. त्याला इमारतीच्या मागे न्या. चेंबरचे झाकण काढायला लावा. वरच्या नळातून बादलीभर पाणी सोडा आणि ते पुढे कोणत्या गटाराला मिळते, तिथपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा.